ऐकणाऱ्याचाही हिशेब मांडा

आत्महत्या, घरगुती हिंसा, मुलांवरचे अत्याचार अशा विषयांवर संशोधन करणाऱ्यांची, त्यांच्यासाठी टंकलेखन करणाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांचीही पत्रं या वेळी आली. इतकं दुःख ऐकून-वाचून ऐकणाऱ्यावरच येणारा ताण, हा बहुतेकांचा विषय. ओळख पटेल असा तपशील काढून त्यातले काही प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मी पीएच.डी. करते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नींच्या ४० मुलाखती घ्यायच्या आहेत, त्यातल्या १४ झाल्या. गाडीचं भाडं दिवसावर असल्यामुळे एका दिवसात तीन-चार उरकते. दोन आठवडे झाले, झोप तुटक लागते. अनोळखी नंबर आला की धस्स होतं. परवा तर एका ताईंवर मनातल्या मनात चिडले, की या किती वेळ लावताहेत! मार्गदर्शक म्हणतात, मन घट्ट कर, फील्डवर्क असंच असतं.
(यवतमाळ जिल्हा)

उत्तर : चिडलात त्याची लाज वाटून घेऊ नका. त्या दिवशीची ती कितवी मुलाखत होती, ते वहीत पाहा. बहुधा तिसरी किंवा चौथी असेल. तिसऱ्या मुलाखतीनंतर कान ऐकतात, पण आत काही शिरत नाही. मग आपण वाक्यं तोडतो, पुढचा प्रश्न घाईने विचारतो. म्हणजे तुमची झोप जाते आणि माहितीही कच्ची राहते. मार्गदर्शकांना ही दुसरी बाजू आधी सांगा. ती त्यांना लवकर पटेल.

आता आकडा बदला. दिवसाला दोनच मुलाखती घ्या, दोन्हींमध्ये किमान दोन तास ठेवा, आणि सलग तीन दिवसांनंतर एक दिवस मुलाखतीविना काढा. उरलेल्या २६ मुलाखतींना १३ दिवस आणि मधले ४ दिवस मोकळे, असे एकूण १७ दिवस लागतील. गाडीचा खर्च वाढेल हे खरं. पण गाडीचा दिवस भरायला मुलाखतीच कशाला हव्यात? सकाळी एक मुलाखत, मग कुटुंबाच्या परवानगीने तलाठ्याकडे सातबारा आणि फेरफार, दुपारी गावच्या सहकारी सोसायटीत कर्जाचा तपशील, चारनंतर दुसरी मुलाखत. कागदांचं काम करायचंच असतं. ते शेवटी एकगठ्ठा उरवून ठेवायचं ही नवख्यांची नेहमीची चूक.

प्रश्नावलीकडेही एकदा निर्दयपणे पाहा. प्रत्येक प्रश्नापुढे लिहा, की याचं उत्तर प्रबंधाच्या कुठल्या तक्त्यात किंवा प्रकरणात जाणार. जिथे काही लिहिता येत नाही तो प्रश्न काढा. मृत्यू कसा झाला, आधी कुणी पाहिलं, हे प्रश्न बहुतेक प्रश्नावल्यांत सवयीने आलेले असतात. कर्ज, पीक आणि मागे राहिलेल्या बाईचं आयुष्य हा विषय असेल, तर त्यांची गरजच नाही. सांगणाऱ्या बाईला ते पुन्हा जगावं लागतं, आणि रात्री अडीचला तुमच्या डोळ्यांपुढे येतं तेही नेमकं तेच.

प्रश्नांचा क्रम असा लावा : आधी शेत, पाणी, मुलांच्या शाळा, मग कर्ज आणि ती घटना, शेवटी आता घर कसं चालतं, कोण मदतीला येतं, यंदा काय पेरलं. सर्वांत जड प्रश्नावर वही मिटून उठायचं नाही. शेवटची दहा मिनिटं चालू हंगामाबद्दल बोललं, की ताईही आजच्या दिवसात परत येतात आणि तुम्हीही. तेराव्याच्या आत, पोळा-दिवाळीत आणि वर्षश्राद्धाच्या आसपास दार वाजवू नका.

पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण या विषयावर काम करणाऱ्या बहुतेकांना पोखरतं ते वेगळंच असतं. दारात वही घेतलेला माणूस दिसला की घरच्यांना वाटतं, तहसीलमधून आले. एक लाखाच्या सरकारी मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र ठरतं हे त्या घराने अनुभवलेलं असतं. तुमची वही त्यांना त्याच फायलीचं पुढचं पान वाटते. दीड तास बोलून झाल्यावर म्हातारी सासू विचारते, "मग आता पैसे कधी येतील?" तुमच्याकडे उत्तर नसतं, आणि ते ओझं घेऊन तुम्ही गाडीत बसता. म्हणून पहिल्या दोन मिनिटांतच सांगा : "मी कॉलेजातून आले आहे. यातून पैसे किंवा योजना मिळणार नाही. नको वाटलं तर आत्ताच नाही म्हणा, कुठेही थांबा." आणि रिकाम्या हातानेही जाऊ नका. ठळक अक्षरातला एक कागद द्या. त्यावर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज कुठे मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कुठे आहे (स्त्रियांना तिथला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही) आणि 'टेली-मानस' या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक, एवढं पुरे. छापायला देण्याआधी प्रत्येक पत्ता आणि फोन स्वतः तपासा. बंद नंबर असलेला कागद देण्यापेक्षा न दिलेला बरा.

मुलाखत संपली की गाडी सुरू करण्यापूर्वी वीस मिनिटं थांबा. दोन वह्या ठेवा. एकीत निरीक्षणं, ती प्रबंधाची. दुसरीत तीन ओळी : आज काय जड गेलं, अंगात कुठे जाणवलं, रात्री काय करणार. ही दुसरी वही मार्गदर्शकांनाही दाखवायची नाही.

झोप तुटणं, धस्स होणं हे दोन आठवड्यांपलीकडे टिकलं, तर काम थांबवून डॉक्टरांना भेटा. तुम्ही त्या रेषेवरच आहात, तेव्हा या आठवड्यात मुलाखती नकोत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. आणखी एक खूण लोक चुकून बढती समजतात : ऐकताना काहीच न वाटणं. "आता सवय झाली" असं जो म्हणतो, त्याच्याकडे आम्ही रडणाऱ्यापेक्षा जास्त लक्ष देतो.

प्रश्न : मी घरी बसून मुलाखतींचं ध्वनिमुद्रण ऐकून टाइप करते. मुद्रणाच्या मिनिटावर पैसे मिळतात. सध्याच्या फायली घरगुती हिंसेच्या आहेत. पोळ्या लाटताना त्यातल्या एका बाईचं एकच वाक्य कानात फिरत राहतं. मी तर कुणाला भेटलेलीही नाही, मग मला एवढा त्रास का? गोपनीयतेच्या करारावर सही केली आहे, त्यामुळे घरीही बोलता येत नाही.
(पुणे)

उत्तर : मुलाखत घेणारा ते वाक्य एकदा ऐकतो. तुम्ही ते मागे नेऊन पाच-सहा वेळा ऐकता, कारण मध्येच मिक्सर वाजतो किंवा बोली वेगळी असते. एका तासाच्या मुद्रणाला पाच-सहा तास लागतात. अहिराणी किंवा झाडीबोली असेल, दोघी-तिघी एकदम बोलत असतील, तर आणखी जास्त. शिवाय मुलाखत घेणारीला ती बाई दिसते. शेवटी चहा होतो, ती दारापर्यंत सोडायला येते. तुमच्या वाट्याला नुसता आवाज येतो, आणि तो जिथे तुटतो तिथे ती बाई तुमच्यासाठी तशीच राहते. संशोधनाच्या साखळीत सर्वांत जास्त ऐकणारा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा माणूस म्हणजे टंकलेखक. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेची २०१३ची आवृत्ती कामाचा भाग म्हणून असे तपशील वारंवार ऐकणं-पाहणं हेही आघाताचं कारण मानते. तेव्हा "मी तर भेटलेही नाही" हा विचार सोडून द्या.

ऐकण्याची पद्धत बदलून बराच फरक पडतो. हेडफोनमध्ये आवाज डोक्याच्या आत वाजतो. दार बंद करता येत असेल आणि घरात कुणी नसेल, तर लहान स्पीकरवर ऐका. ते शक्य नसेल तर एकाच कानात इअरफोन घाला, बाजू बदलत राहा आणि आवाज कळेल इतकाच ठेवा. बोली समजावी म्हणून वेग कमी करतो तेव्हा रडणंही लांबतं. म्हणून रडण्याचा भाग सुरू झाला की कंसात 'रडणं, ४० सेकंद' असं लिहून पुढे जा. हुंदक्यांमधला प्रत्येक शब्द काढायचा की नाही हे संशोधकाने ठरवायचं असतं, आणि विचारलंत तर बहुतेक जण नको म्हणतात. जड फाइलचं दिवसाला २०-२५ मिनिटांपेक्षा जास्त मुद्रण घेऊ नका. उरलेला वेळ दुसऱ्या कामाला द्या. दिवेलागणीनंतर ऐकायचं नाही. आणि ओट्याजवळ किंवा अंथरुणात लॅपटॉप नको. जागा ठरलेली असली की काम संपल्यावर उठून जाता येतं. नाहीतर ते वाक्य पोळपाटापाशी येतंच.

आता पैशांचं. मिनिटाचा दर म्हणजे विश्रांतीला दंड. तुम्ही जितकं न थांबता ऐकाल तितकी कमाई. पुढच्या कामाला स्वतःच्या कामाच्या तासाचा दर मागा, निदान अशा विषयांच्या फायलींना तरी. प्रत्येक फाइलबरोबर दोन ओळींची सूचना मागा : विषय काय, आणि जड भाग कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत आहे. संशोधक तिथे हजर होता, त्याला हे लिहायला पाच मिनिटं लागतात. आधी माहीत असलेला धक्का निम्मा बसतो.

करार तुम्हाला मजकूर सांगण्यापासून अडवतो, तुमची अवस्था सांगण्यापासून नाही. "आजची फाइल जड होती, मला झोप येत नाही" हे नवऱ्याला, बहिणीला, डॉक्टरांना खुशाल सांगा. नाव, गाव, घटना एवढंच टाळायचं. आणि कुणाशी सविस्तर बोलायचं, त्या व्यक्तीचं नाव करारातच लिहून घ्या. हल्ली काही जण संगणकाकडून कच्चा मसुदा करून घेतात. त्याने बोटं वाचतात, कान वाचत नाहीत. तपासायला ऐकावंच लागतं. मुद्रण बाहेरच्या सर्व्हरवर चढवायला संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीची आणि त्या बाईची परवानगी आहे का, हे तुम्हीच विचारा. ती नसेल तर तुमच्या हातून करारभंग होईल.

प्रश्न : आमची छोटी संस्था आहे. घरगुती हिंसेवरच्या अभ्यासात चार क्षेत्र-अन्वेषक (घरोघरी जाऊन माहिती घेणाऱ्या) ६० स्त्रियांच्या मुलाखती घेणार आहेत. प्रस्तावात 'कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशन' लिहिलं, तर देणगीदाराने ती ओळ लाल शाईने खोडली.
(छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ओळ मोघम होती म्हणून खोडली गेली. कामाच्या भाषेत मांडा. प्रत्येकीच्या वाट्याला १५ मुलाखती, आठवड्याला दोन, म्हणजे आठ आठवडे. त्या काळात पंधरवड्यातून एकदा समुपदेशकाबरोबर दीड तासाचं गटसत्र : ४. टंकलेखन आणि विश्लेषण चालू असताना आणखी ३. चार अन्वेषक आणि दोन टंकलेखकांसाठी प्रत्येकी ३ वैयक्तिक सत्रं : १८. म्हणजे ७ गटसत्रं आणि १८ वैयक्तिक सत्रं, गुणिले तुमच्या शहरातला चालू दर. विश्लेषणाच्या काळातली सत्रं विसरू नका. अनेकांना त्रास सुरू होतो तो फील्ड संपल्यावर, टेबलाशी बसून सगळ्या मुलाखती एकदम वाचताना. याखेरीज मुलाखतीविना पगारी दिवस, दोघींनी मिळून जायचं असल्याने दुप्पट प्रवासखर्च, आणि प्रकल्पाचं स्वतंत्र सिमकार्ड. हे सगळं 'कल्याण' या शीर्षकाखाली न टाकता 'माहितीची गुणवत्ता आणि सुरक्षितता' या शीर्षकाखाली टाका. जागतिक आरोग्य संघटनेने घरगुती हिंसेवरच्या संशोधनासाठी २००१ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत उत्तर देणाऱ्या स्त्रीइतकंच संशोधन-चमूच्या सुरक्षिततेला पहिलं स्थान आहे, आणि चमूला प्रशिक्षण व सतत आधार द्यावा असंही म्हटलं आहे. ते पान प्रस्तावाला जोडा.

समुपदेशक बाहेरचा हवा. ज्याच्या हातात पगार आणि मुदतवाढ आहे त्याच्यापुढे कुणी मन मोकळं करत नाही. संस्थेला फक्त किती सत्रं झाली एवढंच कळावं, कोण गेलं हे नाही. आणि एक उत्साह आवरा : जड दिवसानंतर लगेच सगळ्यांना गोल बसवून "काय ऐकलं ते प्रत्येकाने सांगा" असा आग्रह धरू नका. अशा एकवेळच्या सक्तीच्या सत्राने पुढचा आघात टळत नाही, काहींना उलट अपाय होतो, असं अभ्यासांच्या आढाव्यांतून दिसलेलं आहे. त्या संध्याकाळी जेवण, घरी सुखरूप पोचणं आणि झोप. बोलायचं ते ज्याला हवं त्याने, दोन-चार दिवसांनी.

प्रश्न : मी क्षेत्र-अन्वेषक आहे. मुलाखत चालू असताना बाईचा नवरा येऊन बसतो. गावातला एक पुढारी रात्री फोन करून "काय लिहून घेता?" विचारतो. ऑफिसात म्हणतात, गोड बोलून निभावून घ्या.
(नंदुरबार)

उत्तर : गोड बोलणं ही तुमची हुशारी आहे, संस्थेची व्यवस्था नव्हे.

नवऱ्याचं आधी. गावात अभ्यासाचं नाव 'महिलांचं आरोग्य' असंच सांगावं. खरा विषय बाईला एकटीला, संमती घेताना सांगायचा. एका घरात एकाच बाईला हे प्रश्न विचारायचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही हाच नियम आहे, आणि एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून देतात. वहीत पुढचं पान साध्या प्रश्नांचं ठेवा : लसीकरण, रेशन, पाणी कुठून आणता. नवरा उंबऱ्यात दिसला की पान उलटायचं. हे घरी मोठ्याने म्हणून सराव करा, कारण ऐन वेळी आवाज बदलतो. आणि बाईलाही आधीच सांगून ठेवा, "कुणी आलं तर मी लसीचं विचारेन."

पुढाऱ्याच्या फोनसाठी : आजपासून प्रकल्पाचं सिम, संध्याकाळी सातला बंद. आलेले फोन तारीख-वेळेसह टिपा. बोलण्यात लैंगिक सूर असेल, तर २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा फील्डवरही लागू होतो, कारण कामानिमित्त गेलेली जागा हे कामाचंच ठिकाण मानलं आहे. दहा किंवा अधिक लोक कामाला असतील तर संस्थेत अंतर्गत समिती हवीच; नसतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रारीची मुदत तीन महिने. छळणारा बाहेरचा असला, तरी तुम्हाला पोलिसांत जायचं असेल तर मदत करणं मालकावर बंधनकारक आहे.

रोजची शिस्त अशी : पोचल्यावर, सुरू करताना आणि संपल्यावर एकेक संदेश. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात संदेश आला नाही तर कुणी फोन करायचा आणि तो लागला नाही तर कुणाला गाठायचं, हे नावानिशी लिहिलेलं हवं. एक सांकेतिक वाक्य ठरवा, जसं "निळी फाइल टेबलावरच राहिली". त्याचा अर्थ, गाडी पाठवा. शेवटच्या एसटीच्या दीड तास आधी काम थांबायलाच हवं.

प्रश्न : मुलाखतीत माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. हे अव्यावसायिक झालं का?
(कोल्हापूर)

उत्तर : नाही. डोळे पुसा, "जरा थांबू या" म्हणा, पाणी प्या. ती बाई तुम्हाला समजावू लागली, म्हणजे बाजू उलटली, तर मात्र मुलाखत तिथेच संपवा.

प्रश्न : "जगावंसं वाटत नाही" असं एखादी बोलली तर? गोपनीयतेचं वचन दिलेलं असतं. मग रात्रभर डोक्यात राहतं, की मी कुणाला सांगायला हवं होतं का.
(लातूर)

उत्तर : तो रात्रभरचा प्रश्न संमतिपत्रातच सोडवायचा असतो. तिथे स्पष्ट लिहा आणि वाचून दाखवा : "जिवाला धोका आहे असं वाटलं, किंवा लहान मुलावर अत्याचार होत असल्याचं कळलं, तर ते मला योग्य व्यक्तीला सांगावं लागेल."

बोलली, तर वही बाजूला ठेवा. सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का, आज येतो का. विचारल्याने तो विचार रुजत नाही. उत्तर 'आज' असेल तर तिला एकटं सोडायचं नाही. तिच्या विश्वासाचं माणूस कोण ते विचारून बोलवा, तिच्याच समोर १४४१६ लावा, आणि पर्यवेक्षकांना फोन करा. निर्णय एकट्या अन्वेषकाने घ्यायचा नाही हा नियम तिच्यासाठी जितका, तितकाच तुमच्या झोपेसाठी आहे. पूर्वी प्रयत्न केल्याचं सांगायला बायका पोलिसांच्या धाकाने कचरतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरतात आणि तिच्यावर खटला चालवत नाहीत, हे तिला सांगा.

अठरा वर्षांखालच्या मुलावरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल पर्याय नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, त्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, आणि न कळवणं हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे. प्रशिक्षणात हे न सांगता कुणाला फील्डवर पाठवणं म्हणजे त्या अन्वेषक मुलीच्या गळ्यात धोंडा बांधणं.

प्रश्न : माझ्या काकांनी आत्महत्या केली होती. मी याच विषयावर काम करावं का?
(वर्धा)

उत्तर : करू शकता. पण आपल्या तालुक्यात नको, आणि पहिलं वर्षश्राद्ध उलटण्याआधी नको. पहिल्या तीन मुलाखती कृषी सहायक, आशाताई, बँकेतले लोक अशांच्या घ्या, घरांत नंतर जा. "आता थांब" असं म्हणायचा अधिकार एका माणसाला आधीच द्या, आणि त्याने म्हटलं की वाद घालायचा नाही. स्वतःच्या घरची गोष्ट मुलाखतीत सांगायची की नाही, हे आधी ठरवा. आमचं मत, सांगू नये. समोरची बाई आपली गोष्ट तुमच्या गोष्टीच्या मापाने बेतू लागते.

प्रश्न : मुलगी एलएल.एम.ला आहे. मुलांवरच्या अत्याचाराच्या खटल्यांची शेकडो निकालपत्रं वाचते. घरी आली की खोलीत जाते, बोलत नाही. आई म्हणून काय करू?
(सांगली)

उत्तर : तिला एवढं सांगा, की निकालपत्र पहिल्या पानापासून वाचायचं बंधन नाही. आधी शेवटचा आदेश, मग कायद्याचे मुद्दे. वैद्यकीय तपासणी आणि साक्षीचा भाग प्रबंधाला लागत असेल तरच, आणि तोही सकाळी. तक्ता आधी आखून घेतला की नजर हव्या त्या ओळीवर जाते, सगळा मजकूर गिळावा लागत नाही. दिवसाला पाच-सहा पुरेत.

तुम्ही "काय वाचलंस आज?" असं विचारू नका. तिला ते सांगताही येत नाही आणि तुमच्या डोक्यात घालायचंही नसतं. "ये, मेथी निवडायला बस" म्हणा, आणि पहिली जुडी संपेपर्यंत काही विचारू नका.